फळ्याची उजवी कड

"मग सर, तुमच्या वर्गात देव असल्यासारखं का वाटायचं?"

केदारी मास्तर तुरीच्या शेंगा सोलत होते. सुनेनं नेमून दिलेलं काम होतं ते, आणि निवृत्त माणसाला अशा कामात कसूर करून चालत नाही. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि टरफल मांडीपाशी ठेवलं.

"असं वाटायचं तुला?"

"वाटायचं."

"मला कधी कुणी बोललं नाही…"

यमीमा थोरात ओशाळली. खरं तर हे विचारायला ती आली नव्हती. ती आली होती चार शब्द लिहून घ्यायला. प्रश्न आपला मध्येच तोंडातून निसटला आणि आता परत आत घालता येत नव्हता.

रविवारची उपासना आटोपून ती चर्चमधून थेट इकडे आली होती. आंबेवडगावच्या मिशन कंपाउंडात, शाळेच्या भिंतीला लागून मास्तरांच्या दोन खोल्या. ओट्यावर बसलं की पाचवीच्या वर्गाची खिडकी दिसते. एकतीस वर्षं मास्तरांनी त्याच वर्गात शिकवलं. आता चौदा वर्षं ते ओट्यावरून तो वर्ग ऐकत होते. रविवारी वर्ग बंद असे, आणि मास्तरांचा रविवार त्यामुळे फार लांबत असे. हे ते कुणाला सांगत नसत, पण सुनेला ठाऊक होतं. शेंगा मुद्दाम रविवारीच निघायच्या.

यमीमा त्याच वर्गात शिकली होती आणि आता त्याच वर्गात शिकवत होती.

तिनं पिशवीतून जाड टाचणवही काढली. उद्या काय शिकवायचं याची टिपणं शिक्षक आदल्या दिवशी काढतो, ते टाचण. सगळेच काढतात, बरेचसे मागच्या वर्षीचं उतरवून काढतात. यमीमानं मात्र टाचणात एक जादा रकाना आखला होता आणि त्याच्या डोक्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'वचन'.

आपली शाळा ख्रिस्ती आहे, तेव्हा प्रत्येक धडा पवित्र शास्त्राच्या नजरेतून शिकवला गेला पाहिजे, असं संस्थेच्या बैठकीत दर जूनला ठरत असे आणि जुलैत सगळे विसरत. ती विसरली नाही. तीन वर्षं खपून तिनं पाचवीच्या एकूण एक धड्याला वचन शोधून लावलं. अपूर्णांकाला पाच भाकरी आणि दोन मासे. भूमितीला कोनशिला. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना पृथ्वीचं मीठ. वाहतुकीच्या नियमांना अरुंद दरवाजा. दशांश चिन्ह तेवढं बरेच दिवस अडून बसलं होतं, पण शेवटी त्यालाही मोहरीचा दाणा मिळाला. देवाच्या शब्दाला इतक्या ठिकाणी कामाला लावणारी बाई त्या जिल्ह्यात दुसरी नव्हती.

संस्थेनं कौतुक केलं. येत्या शनिवारी चौदा शाळांच्या शिक्षकांचं संमेलन भरणार होतं, तिथं यमीमाचं भाषण होतं, आणि ही वही छापून प्रत्येक शाळेत जाणार होती. पहिल्या पानावर केदारी मास्तरांचे चार शब्द हवेत, ही तिची अट होती. तिनं मास्तरांपुढं कोरा कागद ठेवला. वर पेन ठेवलं.

मास्तरांनी पेन उचलून बाजूला ठेवलं आणि कागदावर टरफलं ओढून घेतली.

यमीमाला वाईट वाटलं. चष्म्याआड मोतीबिंदू आहे, दिसलं नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मग वही उघडून वाचून दाखवायला लागली. चांगली अर्धी वही वाचली. मास्तर मान हलवत होते. मान हलवणं म्हणजे होकार असतो, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

"तुम्ही गणिताच्या तासाला कधी वचन सांगितलं नाहीत, सर. विज्ञानाच्याही नाही. सकाळची प्रार्थना झाली की थेट धडा. मी आठवून आठवून पाहिलं."

"नाही सांगितलं."

"आणि तरी…"

तिला आठवत होता एक साधा दिवस. ती दहा वर्षांची होती. फळ्याच्या उजव्या कडेला मास्तर वीतभर जागा नेहमी मोकळी सोडत. उभी रेघ मारत आणि रेघेपलीकडं कधी खडू नेत नसत. गणित लांबलं तर आधीचं पुसत, पण रेघ ओलांडत नसत. त्या जागेत कुणीही येऊन काहीही लिहावं, अशी वर्गाची रीत होती. त्या दिवशी यमीमानं तिथं लिहिलं होतं, 'शून्य कोणी पाहिलं आहे का?' मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. बराच वेळ उभे राहिले. मग हातावरचा खडू झटकला, तिच्या बाकावर तिच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, मला नाही माहीत. मग दोघंही फळ्याकडं बघत बसले. वर्ग चिडीचूप होता. खिडकीतून कडुनिंबाची वाळकी पानं आत येत होती.

बस, एवढंच झालं होतं. पण पुढं चर्चमध्ये, कॉलेजात, लग्नात, आईला पुरताना, जिथं जिथं देव जवळ असायला हवा होता तिथं तिथं तिला तो बाक आठवला. तसं पुन्हा कुठं वाटलं नाही. शिक्षिका झाली ती त्या बाकासाठीच. आपल्याही वर्गात एकदा तरी तसं व्हावं म्हणून ती झुरत होती. तीन वर्षं वचनं शोधली तीही त्याचसाठी. वही भरली, वर्ग मात्र तसा झाला नाही.

हे सगळं तिनं मास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं ते वेगळंच.

"तुमची ती फळ्याची कड आठवते ना, सर? उजवीकडची?"

"आठवते."

"ती मी वाया जाऊ दिली नाही." तिच्या आवाजात अभिमान होता. "रोज सकाळी मी तिथं त्या दिवसाचं वचन लिहिते. रंगीत खडूनं. दिवसभर मुलांच्या डोळ्यांपुढं राहतं."

मास्तरांचा हात थांबला.

हातात अर्धी सोललेली शेंग तशीच राहिली. यमीमा वाट बघत होती. मास्तर खिडकीकडं बघत होते. खिडकीला कुलूप नव्हतं, पण झडपा लावलेल्या होत्या आणि आतलं काही दिसत नव्हतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. एकही दिवस खाडा नाही."

"मग मुलं कुठं लिहितात?"

"मुलं वहीत लिहितात, सर. सुंदर अक्षरात. दाखवते."

तिनं पिशवीत हात घातला आणि तो आतच राहिला. पिशवीत वर्गातली वही एकच होती. ती दाखवायची नव्हती. नऊ दिवस ती वही पिशवीतून शाळेत जात होती आणि पिशवीतूनच घरी येत होती.

"काढ," मास्तर म्हणाले.

"ही नको, सर."

"का?"

यमीमानं पदर सारखा केला. इकडंतिकडं बघितलं. मग वही काढली. वहीवर नाव होतं, सलोमी वैरागर, इयत्ता पाचवी.

"ही बोलायची थांबली आहे," ती म्हणाली. "आज नववा दिवस."

मास्तरांनी शेंग वाटीत ठेवली, हात धोतराला पुसले आणि वही घेतली. हवं ते पान सापडायला त्यांना वेळ लागला नाही. एका पानावर लाल फुली एवढी मोठी होती की मोतीबिंदूतूनही दिसावी.

"वाचून दाखव."

यमीमानं वाचलं. गणित तिनंच घातलं होतं. गुणाकाराचा धडा होता, आणि वचन लावलं होतं शेताच्या कडांचं: पीक काढताना शेताच्या कडा पुऱ्या काढू नयेत, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्याव्यात, असं जे शास्त्रात सांगितलंय ते. रंगीत खडूनं फळ्याच्या उजव्या बाजूला लिहिलं होतं, हिरव्या रंगात, शेताला शोभेल म्हणून. आणि गणित असं होतं की, एका शेतकऱ्यानं ज्वारीच्या चोवीस ओळी पेरल्या. प्रत्येक ओळीत पंधरा पेंढ्या निघाल्या. तर घरी किती पेंढ्या आल्या?

"उत्तर?"

"तीनशे साठ."

"तिचं?"

"तीनशे तीस."

मास्तरांनी बोटानं ओळ चाचपली. पोरीचं अक्षर दाबून लिहिलेलं होतं, पानाच्या मागच्या बाजूलाही हाताला लागत होतं.

"तिनं काय केलंय?"

"बावीसला पंधरानं गुणलंय."

"बावीस पंधरे?"

"तीनशे तीस."

"म्हणजे गुणाकार बरोबर आहे."

"गुणाकार बरोबर आहे, सर."

"मग फुली कशाची?"

कडुनिंबावर कावळा ओरडत होता. आतून सुनेनं चहा ठेवल्याचा वास येत होता.

मग तिनं सांगितलं. तिनं पोरीला उभं करून विचारलं होतं, चोवीसच्या बावीस कशा झाल्या? पोरगी म्हणाली, कडेच्या दोन ओळी सोडल्या, बाई. वर्ग हसला. यमीमाही हसली. खोटं कशाला बोला, तीही हसली. मग ती म्हणाली की गणितात दिलंय तेवढंच घ्यायचं, आपल्या मनानं सोडायचं नाही, आणि उदाहरण नीट वाचत जा. पोरगी खाली बसली. संध्याकाळी सगळ्यांनी टेबलावरून आपापल्या वह्या नेल्या. हिची वही राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिची आई ज्वारीच्या काढणीला जाते, आणि काढणी झालेल्या रानात पडलेली कणसं, तो सरवा, मायलेकी सुट्टीच्या दिवशी वेचतात. हे यमीमाला चार दिवसांनी दुसऱ्या बाईंकडून कळलं. तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"वचन माझ्या पाठीमागं फळ्यावर होतं, सर," ती म्हणाली. "माझ्याच हातानं लिहिलेलं."

मास्तरांनी लाल फुलीवरून बोट फिरवलं.

"शनिवारी मी चौदा शाळांपुढं उभी राहणार. मुलांना शास्त्राच्या नजरेनं बघायला कसं शिकवावं, यावर बोलणार. आणि ही पोरगी मागच्या बाकावर नुसती बसून असते. हजेरीलाही ओ देत नाही, हात वर करते." तिनं टाचणवही बाजूला सारली. "म्हणून विचारलं मघाशी. तुमच्याकडं काय होतं? तुम्ही मनात एखादं वचन धरत होता का? कोणतं होतं ते? मला ते पाहिजे, सर. मला बाकी काही नको."

आता ती खरं बोलली होती.

मास्तरांनी वही मिटली. मांडीवर ठेवली. त्यांचा आवाज एकदम खाली आला, त्यामुळं तिला पुढं सरकावं लागलं.

"माझ्या टाचणातही तो रकाना होता."

"तुमच्या?"

"पहिली दोन वर्षं. लाल शाईचा."

यमीमाची नजर आपल्या टाचणवहीकडं गेली.

मास्तर तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि आपल्यासारखा मास्तर संस्थेला मिळाला हे संस्थेचं भाग्य, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पक्ष्यांचा धडा होता. त्यांनी वचन लावलं चिमण्यांचं: देवाला कळल्यावाचून एक चिमणीही जमिनीवर पडत नाही. वर्गात मिर्याम नावाची मुलगी होती. ती उठली आणि म्हणाली, आमच्या दारात काल एक पडली. मास्तर म्हणाले, मग? ती म्हणाली, मला पुढचं नीट सांगता येत नाही, लिहून दाखवू का? आणि परवानगीची वाट न बघता फळ्यापाशी गेली, खडू घेतला, आणि उजव्या कडेला जागा होती तिथं लिहायला लागली.

"मी म्हटलं, शास्त्राला प्रश्न विचारायचा नसतो. तिच्या हातातून खडू काढून घेतला…"

यमीमानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"काय लिहिलं होतं तिनं?"

"'चिम'. दोनच अक्षरं झाली होती."

"आणि पुढं?"

"पुढं ती बोलली नाही. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. तीही गेली."

"परत?"

मास्तरांनी मान हलवली. या वेळी ती कशी हलली ते यमीमाला नीट दिसलं.

ती दोन अक्षरं त्यांनी पुसली नाहीत. नाताळात शाळेनं फळ्याला काळा रंग दिला, त्यात ती गेली. मग मास्तरांनी तिथं रेघ मारली. मिर्याम कधी आलीच, तर तिला जागा असावी, एवढाच विचार होता. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणी पोरानं तिथं काहीतरी लिहिलं. त्यांनी लिहू दिलं. मग रीतच पडली. टाचणातला रकाना कधी बंद झाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तेव्हापासून रोज सकाळी रेघ मारताना वाटायचं, आज दारात उभी असेल," मास्तर म्हणाले. "अजून वाटतं. घंटा झाली की मी इथं येऊन बसतो ते काही ऊन खायला नाही."

यमीमाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. ज्या बाकासाठी ती इतकी वर्षं तळमळत होती, त्या बाकावर दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघणारा माणूस तिच्या शेजारी येऊन बसला होता. तिला मत्सर वाटायला हवा होता. वाटली ती माया. मास्तरांची, त्या न पाहिलेल्या मिर्यामची, आणि सगळ्यात जास्त पिशवीतून नऊ दिवस फिरणाऱ्या त्या वहीची.

सुनेनं चहा आणून ठेवला आणि दोघांची तोंडं बघून लगेच आत गेली. दोघांनी चहा प्यायला. चहात साखर कमी होती, की नव्हतीच, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

यमीमानं कागदावरची टरफलं झाडून घमेल्यात टाकली. कागदाला तुरीचे हिरवे डाग पडले होते. तो पुन्हा मास्तरांपुढं ठेवायचं तिनं मनात आणलं नाही. घडी घालून टाचणवहीत ठेवला आणि वही पिशवीत टाकली.

"तुझी येते ना शाळेत अजून?" मास्तरांनी विचारलं.

"येते."

"उद्या येईल?"

"येईल. खाडा करत नाही ती."

मास्तरांचे डोळे खिडकीकडं गेले आणि बराच वेळ तिकडंच राहिले. त्या डोळ्यांत काय होतं ते यमीमाला सहन होईना, म्हणून ती उठली. पायरी उतरली. दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"सर, उद्या तिला काय सांगू? नऊ दिवस शोधतेय. तिला लागू पडेल असं एकही वचन मला सापडत नाही."

मास्तर हळूहळू उठले. ओट्याच्या कडेपर्यंत आले. सलोमीची वही अजून त्यांच्याच हातात होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी यमीमाच्या हातात दिली, प्रभुभोजनाची भाकर देताना पाळक देतात तशी जपून.

"सांगू काही नकोस," ते म्हणाले. "उद्या फळ्यावर लिहिण्याआधी तिच्यापाशी जा, आणि तिला विचार… कड किती सोडू?"